जिवंत निस्तोरची पोमाना

निस्तोर कापरेस्कूला गावात एकही शत्रू नाही, असं निस्तोरचं ठाम मत होतं. प्रुनेत गावात हे मत असलेला तो एकटाच. बाकीच्यांचं मत वेगळं होतं, पण ते त्याला तोंडावर सांगायचीही कुणाला इच्छा उरली नव्हती. तो दुकानात शिरला की बोलणारी माणसं गप्प व्हायची, बायका पिशव्या उचलून चालू लागायच्या. निस्तोर पाव घेऊन घरी यायचा आणि बायकोला सांगायचा, "बघ सावेता, माझ्यासमोर तोंड उघडायला लोक बिचकतात. आपली भाषा कच्ची, असं वाटतं बिचाऱ्यांना."

सावेता बटाटे सोलत असायची. "असेल," म्हणायची. लग्न झाल्यापासून शेहेचाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती.

आता हा भाषेचा दिमाख कुठून आला ते सांगायला हवं. जुन्या राजवटीत गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर एक लाकडी खोका असायचा. त्यातून राजधानीची गाणी यायची, भाषणं यायची, आणि मध्येमध्ये गावातल्याच खोलीत बसून निस्तोर बोलायचा. सत्तावीस वर्षं तो त्या ध्वनिक्षेपकावर बसला. सरकारी सूचना वाचणं एवढंच त्याचं काम. पण दर शनिवारी संध्याकाळी तो पंधरा मिनिटांचा 'चिमटा' नावाचा कार्यक्रम करायचा, तो मात्र सगळा त्याच्या डोक्यातला. कोण शेतावर उशिरा आला, कोण पिऊन पडला, कुणाची बायको कुणाच्या गवताच्या गंजीमागे दिसली, हे सगळं यमकात जुळवून, नावगावासकट. गाव आपापल्या स्वयंपाकघरात बसून ऐकायचं. आज आपली पाळी आहे की शेजाऱ्याची, एवढीच धाकधूक. तालुक्याच्या साहेबांना ते फार आवडायचं. एका चिमट्यानं सिमियोन लोहाराचं घर मोडलं, एकानं मास्तरांची नोकरी गेली. निस्तोरच्या हिशेबी गाव हसत होतं.

मग ती राजवट पडली. त्या जानेवारीत एका सकाळी निस्तोरच्या फाटकाबाहेर एकशे तीस खोके येऊन पडले. लोकांनी भिंतीवरून उपटून, रात्रीतून आणून टाकलेले. बऱ्याच खोक्यांच्या तोंडात शेण भरलेलं होतं. सावेता दारातच उभी राहिली. निस्तोरचे मात्र डोळे भरून आले.

"गावानं आठवण म्हणून मला दिले गं सगळे," तो म्हणाला. "एकानंसुद्धा स्वतःकडे ठेवला नाही."

"आणि हे शेण?"

"शेतकरी माणसं ती. रिकामं भांडं परत करत नाहीत."

घ्या. अशा माणसाचं काय करणार? चौदा वर्षं ते खोके कोठारात रचून ठेवलेले होते आणि निस्तोर दर वसंतात ते फडक्यानं पुसायचा.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ऑगस्टात, त्याच्या छातीत कळ आली. शहरातल्या डॉक्टरनं हृदयाचं चित्र उजेडासमोर धरलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, मुलंबाळं काय करतात? मुलंबाळं नाहीत म्हटल्यावर डॉक्टर सावेताला बाजूला घेऊन गेला. पण निस्तोरचे कान तिखट. बर्फ वितळेपर्यंत टिकतील असं वाटत नाही, हे त्यानं दाराआडून ऐकलं.

 परतीच्या बसमधून गावाच्या फाट्याला उतरल्यावर तो म्हणाला, "सावेता, मी माझी पोमाना करणार. माझ्या हातानं, मी जिवंत असताना."

आमच्या भागात यात नवल काही नाही. मेलेल्याच्या नावानं लोकांना जेवू घालायचं, ती पोमाना. इथे जे दुसऱ्याच्या मुखी पडतं तेच तिकडे आपल्या ताटात पडतं, बाकी काही बरोबर येत नाही. ज्यांच्यामागे करणारं कुणी नाही ते जिवंतपणीच उरकून घेतात. जेवणारानं पोटभर खायचं आणि 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे पावलं, देव तुमच्या माणसांना क्षमा करो. तो शब्द कानावर पडला की काम झालं. कुणी खाल्लंच नाही तर माणूस तिकडे रिकामी वाटी घेऊन बसतो, आणि तिकडच्या बसण्याला शेवट नसतो.

निस्तोरला याची खरी भीती होती. सगळं आयुष्य तो साहेबांसमोर देव नाही म्हणत आला, पण सत्तेचाळीसच्या दुष्काळात त्यानं गवताच्या मुळ्या उकडून खाल्लेल्या होत्या. धाकटा भाऊ त्याच वर्षी त्याच्या शेजारी झोपेतच गेला. देवाबद्दल त्याला शंका होती, भुकेबद्दल नव्हती.

"किती माणसं धरायची?" सावेतानं विचारलं.

"सत्तर. साठ बसतील, दहा उभी राहतील. आणि दोघातिघांना सांगून ठेव, भाषणं थोडक्यात करा म्हणावं. वेळ पुरणार नाही."

सावेतानं सत्तर वाट्या, सत्तर मग जमवले. आणि तीन आठवडे, निस्तोर दुपारी झोपला की डोक्याला रुमाल बांधून ती घरोघर हिंडली. आमच्यात पोमानाचं आवतण हळू आवाजात द्यायचं असतं. उंबऱ्यात उभं राहून, घरच्या बाईच्या कानाशी. मेलेल्यांना ओरडलेलं आवडत नाही. सावेता उंबऱ्यात उभी राहायची आणि मग उंबऱ्यावर बसायचीच. "माझ्यासाठी या," म्हणायची. "त्यांच्यासाठी नको. माझा हात कधी कुणावर पडला नाही, माझी जीभ कधी कुणाला लागली नाही. माझ्या तोंडाकडे बघून दोन घास खा."

सिमियोन लोहारानं दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा उघडलं आणि म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी येतो. त्याच्याशी बोलणार नाही." दूध घालणारी आग्लाया रडली आणि हो म्हणाली. ज्याच्या आईवर एकदा चिमटा निघाला होता तो पांतेली नुसता म्हणाला, "बघू." असे करून तेवीस जण कबूल झाले. तेवीस माणसं. ज्या गावात निस्तोरच्या 'नमस्कारा'ला उत्तर देणारा एक नव्हता, तिथून या बाईनं तेवीस माणसं गोळा केली, आणि नवऱ्याला पत्ताही लागू दिला नाही. त्याला वाटत होतं, लोक दिवस मोजताहेत.

सप्टेंबरातला शनिवार उजाडला. अंगणात प्लमच्या झाडांखाली टेबलं मांडली, पांढऱ्या चादरी घातल्या. सावेतानं दोन दिवस जागून कोबीच्या पानांत गुंडाळलेले तीनशे सारमाले शिजवले होते, कोंबड्यांचं आंबट सूप केलं होतं. प्रत्येक जागेवर वाटी, मग, नवा टॉवेल, मेणबत्ती. आठ वाजता ती भट्टीतून पावाची गोल कडी काढत होती, तेवढ्यात झाडावरून खरखर आली.

"हॅलो. हॅलो. प्रुनेत बोलतंय."

सावेताच्या हातातलं फळकूट वाकडं झालं आणि दोन पाव मातीत पडले.

निस्तोरनं कोठारातून जुनं यंत्र काढून, रात्री, सावेता चुलीपाशी असताना, गुपचूप भोंगा झाडावर चढवला होता. गावाला चकित करायचं म्हणून. सुटाबुटात, पायरीवर खुर्ची टाकून, हातात स्वतःच्या भाषणाचे सात कागद घेऊन तो बसला होता. चौदा वर्षांनी तो आवाज गल्लीगल्लीतून फिरला. आणि नुसतं आवतण देईल तो निस्तोर कसला? एकेकाचं नाव घेऊन, एकेकाला चिमटा. "सिमियोन लोहारा, जेवायला ये, या खेपेला बायको मात्र स्वतःचीच आण. आग्लायाबाई, सूप पोटभर प्या, तुमच्या दुधासारखं त्यात पाणी नाही." असे पंचेचाळीस जण. प्रत्येक नावानंतर तो जरा थांबायचा, गावाला हसायला सवड म्हणून.

सावेता झाडाखाली येऊन उभी राहिली. "अहो, हे काय केलंत?"

"आठवण करून दिली. आवाज कसा वाटला? बसला नाही ना?"

"अहो, येणार होते हो लोक."

"येणारच आहेत. आता बघ, वाट्या पुरणार नाहीत."

गल्लीत खिडक्या लागल्याचे आवाज येत होते. एक, मग पलीकडची, मग समोरची. सावेता ते ऐकत होती. तीन आठवड्यांचे तिचे उंबरे एकेक करून बंद होत होते.

अकराला पाद्री वेनियामीन आले. तरुण माणूस, गावात नवीन, त्यामुळे त्यांच्यावर चिमटा नव्हता. त्यांनी धूप फिरवला, प्रार्थना म्हटल्या आणि रिकाम्या बाकांकडे बघून घसा साफ केला. "संध्याकाळच्या घंटेपर्यंत आशीर्वाद टिकतो, निस्तोरकाका. तेवढ्यात लोक येतीलच. आणि सगळे नाही आले तरी एक जण पुरतो. एकानं पोटभर खाल्लं, मनापासून शब्द म्हटला, की तिकडे तुमचं ताट लागलं."

"तुम्ही बसा की, पाद्रीबाबा," सावेता घाईनं म्हणाली.

"पाद्रीचा घास देवाचा, काकू. त्याचा उपयोग नाही."

"मग मी?"

"घरातल्या माणसाचं धरत नाहीत. नवऱ्याचं ताट ते बायकोचंच. दिलं कुणाला, असं होतं." पाद्रीबाबांना शेजारच्या गावात बारशाला जायचं होतं. जाताना त्यांनी सावेताच्या खांद्यावर हात ठेवला. निस्तोरच्या ठेवला नाही.

बारा वाजले, एक वाजला. "पहिलं यायला कुणी धजत नाही," निस्तोर म्हणाला. "मोठ्या माणसाच्या घरी असंच असतं." सुपावर चरबीची साय धरली. सावेता ते परत तापवायची, परत निवायचं. देणाऱ्यानं आधी खायचं नसतं, म्हणून सकाळपासून दोघांच्याही पोटात काही नव्हतं. दोनच्या सुमाराला निस्तोर उठून फाटकात जाऊन उभा राहिला. बोलत होता अजून, पण त्याचा हात छातीवर होता.

अडीचला मोठ्या रस्त्यावर कलिंगडांचा एक ट्रक थांबला. निस्तोर त्याच्याकडे धावतच गेला. डॉक्टरनं चालायचंही जपून सांगितलं होतं. ड्रायव्हर परगावचा, गडी भुकेलेला. पोमाना म्हटल्यावर त्यानं टोपी काढली, हात धुतले आणि बाकावर बसून चमचा उचलला. सावेतानं भिंतीला टेकून डोळे मिटले. सुटलो आपण, तिला वाटलं.

"एक मिनिट," निस्तोर म्हणाला. "कुणाचं खाताय ते तर कळू द्या." आणि त्यानं कागद उघडले. जन्म, बालपण, ध्वनिक्षेपकाची पहिली सकाळ. ड्रायव्हरनं चमचा सुपात घातला की निस्तोर हात वर करायचा, "इथे जरा लक्ष द्या." तिसऱ्या कागदावर ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं. पाचव्यावर तो उठला.

"काका, माझी कलिंगडं उन्हात आहेत."

"दोनच राहिलेत. शेवट फार चांगला आहे."

"अहो, त्याला जेवू द्या," सावेता ओरडलीच. शेहेचाळीस वर्षांत ती त्याच्यावर पहिल्यांदा ओरडली. पण ड्रायव्हर फाटकाबाहेर पडला होता. सारमाले तरी बांधून घ्या, म्हणून ती मागे पळाली, तर तो म्हणाला, मावशी, वेड्याच्या घरचं मी खात नाही, अपशकुन होतो.

निस्तोर परत आला आणि कागद नीट जुळवत म्हणाला, "अशिक्षित होता."

साडेचार वाजता फाटक वाजलं. पांतेली आत आला. पस्तिशीचा, उंच, स्वच्छ शर्ट घातलेला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टेबलाच्या टोकाला बसला. सावेता त्याच्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती. देणाऱ्यानं स्वतः वाढायचं असतं, म्हणून निस्तोरनं सूप वाढलं. निम्मं चादरीवर सांडलं.

पांतेलीनं चमचा हातात घेतला आणि सुपात न घालता, सावकाश म्हणाला,

"दोमनिकाबाईचा परकर फुगला,
पोर नव्हे हो, मका पिकला."

पांतेलीची आई दोमनिका, विधवा बाई. त्र्याऐंशी सालच्या शरदात सरकारी शेतातली चार कणसं तिनं परकरात लपवून आणली, घरी तीन पोरं होती म्हणून. शनिवारी ही ओळ भिंतीवरच्या खोक्यातून आली आणि सोमवारपासून गावातली पोरं ती तिच्यामागे म्हणू लागली. त्यानंतर दोमनिका फाटकाबाहेर पडली नाही. चर्चला नाही, विहिरीवर नाही. दोन वर्षांनी बाहेर निघाली ती खांद्यांवरून.

निस्तोरचा चेहरा उजळला. "पांतेली, तुला पाठ आहे."

"हो."

"वीस वर्षं झाली. वीस वर्षं. सावेता, ऐकलंस का?"

"आईलाही पाठ होतं," पांतेली म्हणाला. "जाताना तेच पुटपुटत होती."

निस्तोर हातातलं पातेलं तसंच धरून उभा राहिला. "जाताना," तो हळूच म्हणाला. "लिहिणाऱ्याला याहून मोठा मान कुठला मिळायचा?"

सावेतानं पदरासारखा रुमाल तोंडावर धरला. पांतेली मात्र उठला नाही. घरून ठरवूनच आला असावा. "निस्तोरकाका, आई म्हणायची, मरणाऱ्याशी वैर धरू नये. काकू माझ्या उंबऱ्यावर चार वेळा येऊन बसल्या. मी हे सगळं खातो. ताट चाटूनपुसून खातो आणि शब्दही म्हणतो, मनापासून. तुम्ही फक्त एक म्हणा. म्हणा, चुकलं."

अंगणात माशा घोंगावत होत्या. निस्तोरनं पांतेलीकडे बघितलं, मग वाटीकडे. हे कशावर अडलंय ते त्याला नक्की कळलं. इतका काही तो खुळा नव्हता. घशात काहीतरी चढून आलं, जड, ओलं, त्याच्या ओळखीचं नसलेलं. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि सावेताला वाटलं, देवा, आता बोलतोय.

"चुकलं," निस्तोर म्हणाला.

पांतेलीनं मान खाली घातली आणि चमचा सुपात बुडवला.

"कबूल करतो," निस्तोर पुढे म्हणाला, आणि घशातलं ते जड काहीतरी गिळून टाकल्यावर त्याचा आवाज पुन्हा मोकळा झाला. "दुसरी ओळ जरा आखूड पडली. मला तेव्हाच खटकलं होतं. पण शनिवार तोंडावर होता."

 पांतेलीनं चमचा पुसून चादरीवर ठेवला, टोपी डोक्यावर घातली. "माफ करा, काकू," तो सावेताला म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होत." फाटक त्यानं आवाज न करता लावलं.

सूर्य टेकडीच्या खांद्यावर आला होता. निस्तोर बाकावर बसला आणि अचानक त्याला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं, नाक गळत. "सावेता, कुणी येत नाही गं. मी तिकडे उपाशी राहणार. माझा भाऊ बसलाय ना तिथे वाटी घेऊन, त्याच्या शेजारी मी. मला नाही जमणार. काहीतरी कर. तू काहीतरी कर."

"काय करू?"

"मला काय माहीत? तू नेहमी काहीतरी करतेस."

सावेता त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याची दया आली, आणि चीडही आली, आणि या दोन गोष्टी एकमेकींत इतकी वर्षं शिजल्या होत्या की कुठली कुठली ते तिचं तिला वेगळं करता येईना. मग ती घरात गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती काळा कोट घालून, हातात गाठोडं. अंगठी तिनं साबण लावून काढली होती. ती तिनं खिडकीत ठेवली.

"कुठे निघालीस? घंटा होईल आता."

ती फाटकाबाहेर गेली. फाटक ओढून घेतलं. आणि बाहेरून कडी वाजवली.

"कोण आहे का घरात?"

निस्तोर तोंड वासून बघत राहिला.

"मी सावेता," ती फाटकावरून म्हणाली. "इलिंकाची बहीण. तिच्याकडेच राहते मी, टेकडीच्या अंगाला. तुमच्याकडे पोमाना आहे असं कळलं, निस्तोरदादा. घालाल का जेवायला?"

तिनं आजवर त्याचं नाव घेतलं नव्हतं. निस्तोरच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पडला तेव्हा तो धडपडत उठला. "या, या बाई. बसा. आत या. लवकर."

ती टेबलाशी बसली. गाठोडं पायाशी ठेवलं. त्यानं वाढलं. तिला काय लागतं, किती लागतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. पाव कुठल्या टोपलीत आहे तेही तिलाच बोट दाखवून सांगावं लागलं. ती घाई न करता जेवली. सूप संपवलं, चार सारमाले खाल्ले, वरून उकडलेल्या गव्हाचा गोड घास. दोन दिवसांची जागरणं आणि सकाळपासूनचा उपास, भूक तिला खरीच लागली होती. निस्तोर शेजारी उभा राहून तिच्या तोंडात जाणारा एकेक घास बघत होता, आणि एकीकडे चर्चच्या मनोऱ्याकडे.

"मीठ बरोबर झालंय," ती म्हणाली. "रांधणारीचा हात चांगला आहे." मग तिनं वाटी चादरीवर ठेवली, मेणबत्ती हातात घेतली आणि त्याच्या डोळ्यांत बघून स्पष्ट म्हणाली, "बोगदाप्रोस्ते, निस्तोरदादा. पोट भरलं. देव तुम्हाला क्षमा करो. मनापासून म्हणतेय."

थोड्याच वेळात घंटा झाली. निस्तोरनं बाकाचा आधार घेतला. तो हसत होता. "लागलं ताट. सावेता, लागलं. हे डोकं फक्त तुझंच हो. बरं, आता तो कोट काढ. सगळं सूप पडून आहे आणि भांडी—"

सावेतानं रीतीप्रमाणे आपली वाटी, मग आणि टॉवेल गाठोड्यात घातला. उठली.

"निघते मी."

"अगं, झालं की नाटक. कुणी बघत नाही."

"नाटक असेल तर तुमच्या ताटात काही नाही. खरं असेल तर आहे. मी खरं म्हणून जेवले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आता या घरची नाही. उद्या परत येऊन राहिले तर आज घरचीच जेवली, असं होईल. मग तिकडे तुम्ही आणि तुमची रिकामी वाटी." तिनं रुमालाची गाठ नीट केली. "तिकडे मी तुम्हाला उपाशी ठेवणार नाही. पण तिकडेही तुमच्याजवळ येणार नाही. इलिंकाला आठवड्यापूर्वीच सांगून ठेवलंय. कुणी आलं नाही तर येते म्हणून."

"मग माझं औषध कोण देणार? हिवाळ्यात शेगडी?"

"औषध डाव्या फळीवर आहे. निळी सकाळी, पांढऱ्या दोन रात्री."

ती फाटकातून बाहेर पडली आणि चढाच्या वाटेला लागली. चालताना ती एका बाजूला कलत होती. कंबर तिची जुन्या बाळंतपणातच गेली होती, त्या मुलासकट. निस्तोर फाटकापर्यंत आला. एक हाक मारली असती तर ती कदाचित थांबली असती. तिचं पाऊल तसं जड होतंच. त्याच्या तोंडात हाक आली होती, पूर्ण, नावासकट. बर्फ वितळेपर्यंतचे सगळे दिवस त्याला एकदम दिसले, आणि त्यात एकही माणूस नव्हतं.

पण मग त्याला ते दुसरं बसणं आठवलं, ज्याला शेवट नाही. आणि ती चार सारमाल्यांची वाटी.

त्यानं तोंडावर हात दाबून धरला. ती वळणाशी पोचली, थांबली, गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं आणि मागे वळून बघितलं. निस्तोर घाबरला. परत येते की काय, त्याला वाटलं. रडत रडतच त्यानं फाटक ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.